दोन नावांचा कागद

कागद कोचच्या टेबलावर उताणा पडला होता. लूशस टार्व्हर बुटांच्या नव्या नाड्या मागायला आत गेला होता. कोच ब्रँडव्होल्ड फोनवर होता. त्यानं बोटानंच 'थांब' म्हणून सांगितलं. लूशस थांबला आणि थांबल्या थांबल्या वाचू लागला.

कागदावर दोनच नावं होती. टार्व्हर. बोड्री. पुढे रकाने: सामने, मिनिटं, गुण, रिबाउंड, म्हणजे नेम चुकल्यावर पकडलेले चेंडू, आणि फाउल. टार्व्हर, एकेचाळीस सामने, सामन्यामागे आठ गुण, सहा पूर्णांक एक रिबाउंड. बोड्री, अडतीस सामने, नऊ गुण, सात पूर्णांक चार रिबाउंड. सहा पूर्णांक एकला तांबड्या पेन्सिलीनं गोल केलेला होता. पेन्सिल इतकी दाबून फिरवली होती की कागद एका जागी फाटला होता.

खाली मालक केसलिंगच्या अक्षरात एक ओळ होती. 'पेटिफोर्ड शनिवारी येतोय. शुक्रवारी दुपारपर्यंत ठरवू.'

जानेवारी १९६२, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. यंग्सटाउन हॅमर्सच्या बास्केटबॉल संघात त्या दिवशी अकरा खेळाडू होते. नऊ गोरे आणि दोन काळे. पेटिफोर्ड हा लष्कराच्या संघातून सुटून येणारा उंच पोरगा काळा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरगावच्या हॉटेलात खोल्या दोघादोघांच्या असत. काळ्या खेळाडूंना एक खोली मिळे, आणि त्या खोलीत खाटा दोन. तीन झाले तर तिसऱ्याला कुणाबरोबर झोपवायचं, हा प्रश्न संघाला कधी पडला नव्हता, कारण तिसरा कधी ठेवलाच नव्हता. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो दाखवून भांडताही येत नव्हतं.

म्हणून कागदावर दोनच नावं होती. वॉल्ट शिमरचं नाव नव्हतं. शिमर गेली तीन वर्षं बाकाच्या टोकाला बसून च्युइंगगम चघळत होता. सामन्यामागे दोन गुणही त्याच्या नावावर नव्हते.

कोचनं फोन ठेवला. लूशसची नजर कुठे आहे हे त्यानं पाहिलं आणि कागद उलटा केला.

"तू हे वाचायला नको होतंस."

"नाड्या हव्यात," लूशस म्हणाला. "पांढऱ्या."

कोचनं खणातून नाड्या काढून दिल्या. लूशसनं त्या घेतल्या, पण तो हलला नाही.

"कोच, दोन वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा माझे रिबाउंड किती होते?"

"लूशस—"

"तेरा. सामन्यामागे तेरा. तुम्ही मला याच खोलीत बसवलंत आणि म्हणालात, चेंडूच्या मागे धावायचं नाही. नेम चुकला, चेंडू रिंगवर आपटला, की त्यांच्या सर्वांत दांडग्या माणसाला पाठ लावायची. कमरेत वाकायचं, त्याला मागे रेटायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. चेंडू आपला वेस लिंडग्रेन घेईल. असं म्हणालात की नाही?"

"म्हणालो. आणि तू ते या लीगमध्ये सर्वांत चांगलं करतोस."

"मग ते या कागदावर कुठे आहे?"

"पाठ लावण्याचा रकाना नसतो रे. सगळ्यांना माहीत आहे."

"वेसचे चौदा आहेत यंदा. त्यातले निम्मे माझ्या पाठीवर उभे आहेत. ते मालकांना सांगितलंत?"

कोचनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो वाईट माणूस नव्हता. लूशसला त्याचीच जास्त चीड होती. वाईट माणसाशी सरळ दोन हात तरी करता येतात.

"मालकांना बास्केटबॉल कळत नाही," कोच म्हणाला. "त्यांना सोफे विकता येतात. किती सोफे गेले ते कागदावर असतं, म्हणून ते कागद बघतात. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, आकडा दाखव. काय दाखवू?"

"मी समोर असताना बफेलोचा ग्रॅनिक किती करतो, ते दाखवा. लीगभर सत्तावीस करतो. आमच्याविरुद्ध यंदा चौदा, बारा, सतरा."

"ते ग्रॅनिकच्या कागदावर आहे. तुझ्या नाही."

लूशसच्या डोक्यात तिडीक गेली. नाड्यांची जुडी त्यानं मुठीत इतकी आवळली की नखं तळहाताला लागली.

"परवा गुरुवारी बफेलोच येतंय," कोच खाली बघत म्हणाला. "मालक येणार आहेत सामन्याला. नेहमीसारखा खेळ, एवढंच सांगतो."

"नेहमीसारखा," लूशस म्हणाला आणि बाहेर पडला.

क्लेमंट बोड्री बाहेर त्याचीच वाट बघत होता. तेवीस वर्षांचा, लुइझियानाचा. यंग्सटाउनच्या बर्फात तो डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला असे आणि तरी कुडकुडत असे. दोघं मिस ओडेसाच्या खाणावळीत गेले. रोजचं टेबल, पोलादाच्या भट्ट्यांचा धूर दिसणाऱ्या खिडकीपाशी. पोर्क चॉप, पालेभाजी, मक्याचा पाव.

"काल पुन्हा घोरलास," क्लेमंट म्हणाला. "मला वाटलं कोळशाची गाडी खोलीतून गेली."

"रुळावर झोपायची हौस असेल तर सोड खोली."

"जाऊ कुठे? वॉल्ट शिमरच्या कुशीत?" क्लेमंट स्वतःच्याच विनोदावर एवढा हसला की मिस ओडेसानं गल्ल्यावरून वळून पाहिलं. "म्हाताऱ्या, तुझे गुडघे आज पायऱ्या चढताना वाजत होते. मी मोजले. सात पायऱ्या, सात आवाज."

"एकतिसाव्या वर्षी तुझे काय वाजेल ते बघायला मी येईन."

"परवा ग्रॅनिक," क्लेमंट पावावर मिरचीचं पाणी ओतत म्हणाला. "मी ठरवलंय. मला घेतलं तर मी तुझ्यासारखी पाठ लावणार. महिनाभर बघतोय तू कसा लावतोस ते. चेंडूकडे बघायचंच नाही. त्याच्या पोटाकडे बघायचं. बरोबर?"

"बेंबीकडे," लूशस म्हणाला. "बेंबी खोटं बोलत नाही."

"बेंबी. हे बघ, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

सांगायची वेळ हीच होती. टेबलावर मीठ होतं, मिरचीचं पाणी होतं, समोर तोंड भरून खाणारा पोरगा होता, आणि वाक्य तयार होतं. पोरा, एक कागद आहे. त्यावर तू आणि मी आहोत. लूशसनं ते वाक्य तोंडात आणलं, चॉपच्या तुकड्याबरोबर चावलं आणि गिळलं. सहा वर्षांत तो चार कोच आणि दोन मालक बघून बसला होता. या पोराला दुसरा संघ मिळेल, असं त्यानं मनाला सांगितलं. एकतिसाव्या वर्षी, सहा पूर्णांक एक घेऊन, त्याला स्वतःला कोण घेणार होतं?

गुरुवारी आर्मरीच्या, म्हणजे हॅमर्सच्या घरच्या मैदानाच्या, दिवाणखान्याएवढ्या कपडे बदलायच्या खोलीत तो नव्या नाड्या बांधत बसला तेव्हा त्याचं ठरलं होतं.

सामना सुरू झाला. बफेलोनं पहिला नेम चुकवला. लूशसच्या मागे ग्रॅनिक होता, दोनशे चाळीस पौंडांचा. दोन वर्षं ज्या क्षणी लूशस वाकून मागे रेटायचा, त्या क्षणी तो वाकला नाही. तो वळला आणि उडाला. चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांत चपकन बसला. वेस लिंडग्रेन हात वर करून तसाच उभा राहिला, घरात शिरावं आणि खुर्ची जागेवर नसावी तसा.

मैदानाच्या कडेला टेबलावर पासेक बसत असे. पासेक रेल्वेच्या यार्डात वेळनोंद करायचा, आणि सामन्यांच्या दिवशी हॅमर्सचा गुणलेखक. नाकावर आलेला चष्मा, कानामागे राखीव पेन्सिल. दोन हातांत चेंडू आला की रिबाउंड त्याचा, ही त्याची रीत. कुणाच्या ओळखीपाळखीनं तो एक रेघ कमी-जास्त करत नसे. त्यानं टार्व्हरसमोर रेघ ओढली.

मग दुसरी. तिसरी. पाचवी रेघ त्यानं आडवी मारली.

"पाठ!" कोच बाकावरून ओरडला. "टार्व्हर, पाठ!"

लूशसला ते ऐकू आलं. तो चेंडूकडे धावला. चेंडू सापडला तर रेघ, नाही सापडला तर मोकळा ग्रॅनिक त्याच्या मागून येऊन तोच चेंडू उचलून रिंगमध्ये टाकत होता. अर्ध्या सामन्याला लूशसचे बारा रिबाउंड होते आणि ग्रॅनिकचे चोवीस गुण. संघ पंधरानं मागे होता.

मध्यंतरात कोच त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुला काय झालंय?"

"काही नाही. रकाना भरतोय."

कोच गप्प बसला. त्यानं त्याला बाहेरही बसवलं नाही. पुढे लूशसनं या गप्प बसण्याचा पुष्कळ विचार केला.

घरच्या मैदानावर दोघा काळ्यांपैकी एका वेळी एकच आत, हीसुद्धा न लिहिलेली रीत होती. पण मागे पडल्यावर रीती सैल होतात. चारांपैकी तिसऱ्या डावात लिंडग्रेनचे पाच फाउल झाले, सहाव्याला तो बाद झाला असता. कोचनं त्याला काढून क्लेमंटला आत पाठवलं.

क्लेमंट धावत आला आणि ग्रॅनिकच्या पोटासमोर उभा राहिला. "मला दे हा," तो लूशसला म्हणाला. "तू चेंडू बघ आज. तुझ्याच हाती येतोय तो."

पुढचा नेम चुकला. क्लेमंट वाकला, वळला, पाठ लावली. अगदी शिकवल्यासारखी. पाय पसरून, कोपर अंगाशी, नजर वर नाही. ग्रॅनिक रेटत होता, शिव्या घालत होता, आणि त्याला पुढे सरकता येत नव्हतं. चेंडू मोकळ्या जागेत पडला. लूशसनं चालत जाऊन उचलला.

तेरा. चौदा. पंधरा. झाडाखाली पडलेली फळं गोळा करावीत तसं ते होतं. झाड दुसराच कुणी हलवत होता. क्लेमंट आल्यापासून ग्रॅनिकनं दहा गुण केले, त्यातले सहा फाउलबद्दल मिळालेल्या फ्री थ्रोवर. हे पासेकच्या कागदात वेगळं कुठे येणार नव्हतं. लूशस मात्र मोजत होता. त्याला मोजायचं नव्हतं, तरी मोजत होता.

शेवटच्या डावात, चार मिनिटं उरली असताना, उजव्या कोपऱ्यातून नेम चुकला आणि चेंडू क्लेमंटच्या डोक्यावर आला. पाठ लावलेली असतानाच त्यानं हात वर केले आणि चेंडू धरला. दोन्ही हातांनी. लूशसला ते हात स्वच्छ दिसले. डाव्या करंगळीला पट्टी होती. ती लूशसनंच सकाळी बांधून दिली होती. त्यानं वरून हात घातले, झटका दिला आणि चेंडू ओढून घेतला.

क्लेमंटला वाटलं, बफेलोचा कुणी आहे. तो वळला, पाहिलं, आणि क्षणभर हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

संघ हरला. एकशे चार विरुद्ध एकशे सतरा. लूशस टार्व्हर, तेवीस रिबाउंड.

सामन्यानंतर पासेक कपडे बदलायच्या खोलीत आला. तो कधी आत येत नसे. हातात कागद होता.

"अभिनंदन, मिस्टर टार्व्हर. या इमारतीत तेवीस मी आजवर लिहिले नव्हते." त्यानं घसा साफ केला. "एका ठिकाणी माझी खात्री नाही. चौथा डाव, चार मिनिटं बाकी, उजवी बाजू. हात चार होते. आधी कुणाचे, ते मला टेबलावरून दिसलं नाही. पेन्सिलीनं लिहिलंय. शाई फिरवण्याआधी विचारावं म्हटलं. तुमचा की मिस्टर बोड्रींचा?"

क्लेमंट तीन हातांवर बाकावर बसून करंगळीची पट्टी सोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"माझा," लूशस म्हणाला.

"ठीक." पासेकनं खिशातून शाईचं पेन काढलं, कागद भिंतीवर धरला आणि पेन्सिलीच्या रेघेवरून शाईची रेघ ओढली. बोड्री, एक रिबाउंड. सही केली. तारीख घातली.

शुक्रवारी सकाळी दहाला केसलिंगनं लूशसला दुकानावर बोलावलं. कचेरी फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती आणि तिला नव्या चामड्याचा वास होता. कोच खिडकीपाशी उभा होता. टेबलावर तोच कागद होता. सहा पूर्णांक एक खोडून सहा पूर्णांक पाच केलं होतं.

"बस, बस!" केसलिंग म्हणाला. "हा सोफा बघ, शिकागोहून आलाय. लूशस, काल तू डोळे उघडलेस माझे. तेवीस! मी हॅलला, या तुझ्या कोचला, म्हटलं, हा माणूस संपला म्हणतोस तू?"

"मी असं म्हटलं नव्हतं," कोच खिडकीकडे तोंड करून म्हणाला.

"तू राहतोयस. बोड्रीला सकाळीच कळवलंय. चांगला पोरगा आहे, पण काल त्याला वेळ होता, संधी होती, आणि रिबाउंड किती? एक."

"काल आपण तेरानं हरलो, मिस्टर केसलिंग."

"तुझा दोष नाही त्यात. कागद बघ ना."

"माझाच दोष आहे. मी ग्रॅनिकला सोडला. अर्ध्या वेळात चोवीस केले त्यानं. बोड्रीनं धरला तेव्हा दहा. विचारा कोचना."

केसलिंगनं कोचकडे पाहिलं. कोच खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत होता.

"बोला की, कोच!" लूशसचा आवाज चढला. खालच्या दुकानात कुणीतरी बोलता बोलता थांबलं. "काल कुणी खेळ केला आणि कुणी रेघा गोळा केल्या, एवढं तर बोला! दोन वर्षं माझ्याकडून पाठ लावून घेतलीत, आता निदान त्याच्या पाठीशी तरी उभे राहा!"

"लूशस," कोच म्हणाला. फक्त नाव.

"आणि या कागदावर दोनच नावं का, मिस्टर केसलिंग? संघात अकरा आहेत. वॉल्ट शिमर कुठाय? त्याचा गोल कुठाय तांबडा? लिहा त्याचं नाव. सगळ्यांची लिहा, आणि मग काढा खालचा."

केसलिंगच्या चेहऱ्यावरचं हसू दुकान बंद व्हावं तसं खाली आलं.

"आजचा दिवस तुझा चांगला आहे. तो नासवू नकोस."

लूशस उठला. त्यानं टेबलावरची तांबडी पेन्सिल उचलून मालकापुढे धरली.

"चौथ्या डावातला एक बोड्रीचा आहे. मी त्याच्या हातातून ओढला. माझे बावीस करा, त्याचे दोन."

"एकानं काय फरक पडतो?"

"काही नाही. लिहा."

केसलिंगनं पेन्सिल घेतली, खणात टाकली आणि खण लावला.

क्लेमंटची बस तीन चाळीसला होती. लूशस दोघांच्या भाड्याच्या खोलीवर पोहोचला तेव्हा त्याची बॅग भरून झाली होती. तो जाड कोट घालून खाटेवर बसला होता.

"तो चेंडू तुझा होता," लूशस म्हणाला.

"मला माहीत आहे. मिस्टर पासेकना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं होतं."

"मी सांगून आलो मालकाला."

"आज?" क्लेमंट म्हणाला. "आज सांगितलंस? वा रे शहाण्या." तो उठला. "कागदाचं तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. जेवायच्या आधी."

"म्हणजे बेंबीचं सांगितलंस तेव्हा तुला माहीत होतं."

लूशसनं होकारार्थी मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तूही पाठ सोडली असतीस."

"सोडलीच असती! दोघांनी सोडली असती, ग्रॅनिकनं पन्नास केले असते आणि त्या सोफेवाल्याला बसून बघावं लागलं असतं. ते तरी सरळ भांडण झालं असतं." त्यानं कोटाची बटणं लावली. "मी तुझ्यासाठी त्याला धरून उभा होतो. तुझ्यासाठी. आणि तू माझ्या डोक्यावरून गोळा करत होतास."

त्यानं बॅग उचलली. दारात लूशसनं हात पुढे केला. क्लेमंटनं त्या हाताकडे पाहिलं.

"ठेव," तो म्हणाला. "उद्या लागेल तुला. मोठे हात आहेत."

पायऱ्या सात होत्या. लूशसनं त्याची पावलं सातही ऐकली.

शनिवारी सकाळी पेटिफोर्ड आला. हसतमुख, सहा फूट आठ इंच, अंगावर अजून लष्करी कोट. त्यानं आपली पिशवी क्लेमंटच्या खाटेवर टाकली, खिडकी उघडली, धूर बघून शीळ घातली आणि पुन्हा लावली.

"टार्व्हर! तेवीसवाले टार्व्हर! मी पेपरात वाचलं बसमध्ये." त्यानं लूशसचा हात धरून जोरजोरात हलवला. "कोच म्हणाले, तू मला काम शिकवशील. पाठ लावायची की काय ती. म्हणाले, तुझ्याएवढं कुणाला येत नाही. काय असतं ते?"

लूशस त्याच्याकडे बघत राहिला. कोच सकाळीच त्या पोराशी बोलला होता. चोवीस तासही थांबला नव्हता.

"ते नंतर," लूशस म्हणाला. "आधी दार लाव."

पेटिफोर्डनं दार लावलं.

"मालकाच्या टेबलावर एक कागद असतो. त्यावर दोनच नावं असतात. काल त्यात क्लेमंट बोड्रीचं होतं. तू टाकलीस ना पिशवी, ती त्याची खाट. आता त्यावर तुझं आणि माझं आहे. पाठ लावण्याला त्यात रकाना नाही. ते तुला पाठ लावायला सांगतील, आणि मग रिबाउंड कमी पडले म्हणून तांबडा गोल काढतील. मला हे मंगळवारी कळलं होतं आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी सांगितलं नाही. तुझ्याशी ते होणार नाही. तेवीसही माझे नाहीत. बावीस आहेत, आणि त्यातले निम्मे त्यानं पाडलेले."

पेटिफोर्डचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पिशवी खाटेवरून उचलून जमिनीवर ठेवली आणि लूशससमोर बसला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "नाड्या मागायला की कशाला गेला होतास, तिथपासून. सगळं."

"नाड्यांचं तुला कुणी सांगितलं?"

"कोचनं. म्हणाले, त्या दिवशी टार्व्हरला नाड्या दिल्या आणि तिथेच चुकलं. त्यापुढे काही बोलले नाहीत."

लूशसनं खालच्या ओठावर दात रोवले. मग तो बोलू लागला.